अतिदक्षता विभागातील दाहदर्शक पेप्टाइडे : एकाच रक्ताचे दोन आकडे का येतात

पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एम.डी.चे शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादाने अवयव बिघडू लागलेल्या, एका रुग्णाचे रक्त सकाळी अकरा वाजता एकाच वेळी दोन नळ्यांत घेतले गेले. जांभळ्या झाकणाची नळी लगेच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली आणि इंटरल्युकिन-६ म्हणजे आयएल-६ हे दाहाचा निरोप नेणारे प्रथिन ८५ पिकोग्राम प्रति मिलिलिटर आले. पिवळ्या झाकणाची नळी संध्याकाळी बाहेरच्या प्रयोगशाळेचा माणूस घेऊन गेला आणि तेथून ३१० आले. यांतील खरे कोणते, हा पहिला प्रश्न. प्रोकॅल्सिटोनिन, आयएल-६ आणि ॲड्रेनोमेड्युलिन यांपैकी काय रोज मोजण्यात अर्थ आहे, हा दुसरा. आणि साठ रुग्णांचे प्रत्येकी चार नमुने घेऊन प्रबंध करायचा आहे, त्यासाठी रक्त कसे घ्यावे व कसे साठवावे, हा तिसरा.

मी बावीस वर्षे पुण्यातच रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करते. रुग्णाच्या खाटेपाशी माझे काम क्वचितच असते. माझ्याकडे येते ती नळी आणि तिच्यावरची चिठ्ठी. त्यामुळे हे उत्तर नळीच्या बाजूने लिहिलेले आहे, हे आधीच सांगते. तुमच्या ८५ आणि ३१० मधल्या फरकाचा बराचसा भाग, माझ्या अंदाजाने, यंत्राने केलेला नाही. तो सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत खोलीच्या तापमानात उभ्या राहिलेल्या त्या पिवळ्या झाकणाच्या नळीत तयार झाला आहे. हे असे का म्हणते, ते सांगण्यासाठी आपण मोजतो ते रेणू कोणते आणि त्यांचे रक्तातले आयुष्य किती, येथून सुरुवात करावी लागेल.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, पण ‘दाहदर्शक पेप्टाइडे’ हा शब्द आपण ढिलेपणाने वापरतो. ब्रॅडिकायनिन हे अवघ्या ९ अमिनो आम्लांचे खरेखुरे पेप्टाइड आहे. हेप्सिडिन २५ अमिनो आम्लांचे, एलएल-३७ नावाप्रमाणे ३७ चे, ॲड्रेनोमेड्युलिन ५२ चे. प्रोकॅल्सिटोनिन ११६ अमिनो आम्लांचे आहे, आयएल-६ हे १८४ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन आहे, आणि सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तर प्रत्येकी २०६ अमिनो आम्लांचे पाच भाग एकत्र जुळून झालेले चांगले थोराड प्रथिन आहे. साधारणपणे रेणू जितका लहान तितका तो रक्तात कमी टिकतो, आणि मोजणाऱ्याची पंचाईत तितकीच मोठी. ब्रॅडिकायनिनचे अर्धायुष्य (रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ) सेकंदांत मोजावे लागते. ॲड्रेनोमेड्युलिनचे सुमारे २२ मिनिटे, प्रोकॅल्सिटोनिनचे जवळजवळ एक दिवस, सीआरपीचे सुमारे १९ तास.

निरोगी स्वयंसेवकांना अत्यल्प एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले विष, टोचून केलेल्या प्रयोगांतून या रेणूंचा क्रम चांगला माहीत झालेला आहे. टीएनएफ हे दाहाचा निरोप नेणारे आणखी एक प्रथिन सुमारे दीड तासात शिखरावर जाऊन उतरू लागते, त्यामागोमाग दोन ते तीन तासांत आयएल-६ शिखर गाठते, प्रोकॅल्सिटोनिन चौथ्या तासाच्या आसपास दिसू लागून पुढे आठ ते चोवीस तास पठारावर राहते, आणि सीआरपी सर्वांत मागून वाढू लागून दुसऱ्या दिवशी भरात येते, कारण आयएल-६ चा निरोप यकृताला मिळून यकृताने ते तयार करायचे असते. तुमचा रुग्ण तुमच्याकडे या रांगेतल्या कोणत्या क्षणी आला आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. भोर किंवा शिरूरकडून दोन दिवस तापात काढून आलेल्या माणसाचे टीएनएफ साधारण असेल तर त्याचा अर्थ दाह नाही असा होत नाही. टीएनएफचे शिखर ओसरून गेलेले असू शकते.

प्रोकॅल्सिटोनिनबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण रोजच्या कामात तेच सर्वांत उपयोगी पडते. कॅल्सिटोनिन हे ३२ अमिनो आम्लांचे संप्रेरक थायरॉइडच्या सी पेशींत बनते आणि प्रोकॅल्सिटोनिन हे त्याचे पूर्वरूप आहे. निरोगी माणसात पूर्वरूपाची काटछाट पेशीतच होऊन जाते, म्हणून रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात मात्र यकृत, चरबी, फुप्फुस अशा ठिकाणच्या पेशीही तेच जनुक वाचू लागतात. त्यांच्याजवळ ही काटछाट पूर्ण करण्याची आणि माल साठवून ठेवण्याची सोय नसते, आणि कच्चा मालच थेट रक्तात येतो. त्यामुळे प्रोकॅल्सिटोनिन हजारपट वाढले तरी कॅल्सिटोनिन त्या मानाने वाढत नाही. सेप्सिस झालेल्या मुलांमधले हे निरीक्षण पॅरिसच्या गटाने १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच वर्षी जपानमध्ये अधिवृक्क ग्रंथीच्या एका गाठीतून, फिओक्रोमोसायटोमातून, ॲड्रेनोमेड्युलिन वेगळे करण्यात आले होते. तुमच्या यादीतली ही दोन नावे म्हणजे एकाच वर्षीची भावंडे.

ॲड्रेनोमेड्युलिन रक्तवाहिन्या सैल करते आणि सेप्टिक शॉकमध्ये ते भरपूर वाढते, म्हणून त्याचे आकर्षण साहजिक आहे. पण २२ मिनिटांचे अर्धायुष्य, पृष्ठभागांना चिकटण्याची सवय आणि रक्तातल्या पूरक घटक एच या प्रथिनाशी बांधले जाणे, या तिन्ही गोष्टींमुळे ते मोजणे जिकिरीचे होते. यातून काढलेली वाट तुम्हाला मधुमेहातून ओळखीची आहे. इन्शुलिन यकृत पटकन उचलते म्हणून आपण त्याच्या बरोबरीने सुटणारे सी-पेप्टाइड मोजतो. तसेच ॲड्रेनोमेड्युलिनच्या पूर्वरूपाचा ४५ ते ९२ हा मधला तुकडा सुटतो, त्याला दुसरे काम नसल्याने तो रक्तात बराच टिकतो, आणि तोच मोजला जातो. अहवालावर ‘प्रो-ॲड्रेनोमेड्युलिन’ लिहिलेले असेल तर हा तुकडा समजावा. जैवसक्रिय ॲड्रेनोमेड्युलिन मोजणारे वेगळे संच आहेत. या दोहोंचे आकडे आणि एकके एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

आता नळीकडे येते.

मागच्या पावसाळ्यात एका रुग्णालयातून, ज्याचे नाव सांगण्याचे काही कारण नाही, पहाटेचे नमुने माझ्याकडे सकाळी नऊच्या सुमारास आले. चिठ्ठीवर नमुन्याची वेळ ‘८.१०’ छापलेली होती. जांभळ्या झाकणाची नळी हातात घेतली तर ती गार होती आणि तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा प्लाझ्मा कोकम सरबतासारखा दिसला. सोबतच्या लाल झाकणाच्या नळीत पोटॅशियम ५.९ आले. मी आयसीयूत फोन लावला आणि सिस्टरना रात्रीच्या रक्तवायू तपासणीचा कागद वाचून दाखवायला सांगितले. त्यावर पोटॅशियम ४.१ होते आणि वेळ पहाटे २.३५. मग सगळा उलगडा झाला. रक्त अडीचला काढले होते, नळ्या वॉर्डच्या फ्रिजच्या दारात इन्शुलिनच्या शेजारी ठेवल्या होत्या आणि चिठ्ठीवरची वेळ ही सकाळच्या पाळीत बारकोड छापल्याची होती. गारठ्यात तांबड्या पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपते, हे सर्वांना शिकवलेले असते. त्यात सिरिंजमधले रक्त सुई तशीच ठेवून झाकणातून जोराने नळीत ढकललेले असले, तर पेशी फुटायला वेगळे निमित्त लागत नाही. सिस्टरांनी काहीही लपवले नाही. त्यांना वाटले होते की फ्रिजमध्ये ठेवले म्हणजे रक्त नीट जपले. घरी दूध जपतात तसे.

रक्त मात्र दुधासारखे वागत नाही, कारण नळीतही त्यातल्या पेशी जिवंत असतात. पांढऱ्या पेशी काचेला, प्लास्टिकला, गुठळीला आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनमध्ये असलेल्या लेशमात्र एंडोटॉक्सिनलासुद्धा प्रतिसाद देतात आणि तासागणिक आयएल-६, आयएल-८ व टीएनएफ नळीतच सोडत राहतात. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू द्यायचे असते. गोठताना पेशी चेतवल्या जातात, आणि ती नळी फिरवून जेलच्या वर सीरम वेगळा केला नाही तर त्या पेशी आणि सीरम संध्याकाळपर्यंत एकत्र नांदतात. जांभळ्या नळीतले ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशींची ही वळवळ बरीच शांत करते, म्हणून सायटोकाइनसाठी, म्हणजे आयएल-६ सारख्या निरोप नेणाऱ्या रेणूंसाठी, मी जांभळी नळी मागते. तुमच्या ३१० चे मूळ मला येथे दिसते. यात आणखी एक खोच आहे. सेप्सिसमध्ये पुढच्या टप्प्यावर अनेक रुग्णांच्या मोनोसाइट पेशी थकलेल्या असतात आणि चेतवूनही फारसे काही सोडत नाहीत. पहिल्या दिवशीच्या रुग्णाच्या पेशी मात्र जोमात असतात. म्हणजे उशिरामुळे होणारी वाढ प्रत्येक रुग्णात वेगळी असते आणि ती कोणत्याही गुणकाने वजा करता येत नाही. प्रबंधात असे नमुने मिसळले, तर आजाराचे टप्पे आणि नळीचे तास यांची सरमिसळ होऊन बसते.

म्हणून माझ्या प्रयोगशाळेचा नियम साधा आहे : ईडीटीए नळी, सिरिंजची सुई काढून झाकण उघडून रक्त हलकेच भरायचे, नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करायची, आणि तासाभरात फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. गार करायचे ते प्लाझ्मा वेगळा झाल्यावर. जैवसक्रिय ॲड्रेनोमेड्युलिन किंवा तत्सम अल्पायुषी पेप्टाइड हवे असेल तर प्रथिने तोडणाऱ्या विकरांना अडवणारे द्रव्य, म्हणजे ॲप्रोटिनिनसारखे काही, नळीत आधीपासून घालून ठेवावे लागते आणि ती नळी बर्फातून आणावी लागते. ब्रॅडिकायनिनची कथा आणखी निराळी : गारव्याने आणि काचेच्या स्पर्शाने नळीतच कॅलिक्रीन हे विकर जागे होते व नवे ब्रॅडिकायनिन तयार होते, त्यामुळे अवरोधक थेट सिरिंजमध्ये घ्यावे लागतात. आयसीयूच्या नेहमीच्या कामात ते मोजण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोकॅल्सिटोनिन या सगळ्यात सोशिक. खोलीच्या तापमानात दिवसभर राहिले तरी त्यात थोडीच घट होते, आणि धमनीतले रक्त व शिरेतले रक्त यांत लक्षात घेण्याजोगा फरक पडत नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद असताना आमचा माणूस चार तास अडकला, तेव्हा प्रोकॅल्सिटोनिनचे नमुने आम्ही स्वीकारले आणि आयएल-६ चे परत मागवले. हा फरक चिठ्ठी लिहिणाऱ्याला माहीत असला की अर्धे भांडण मिटते.

रक्त कोठून काढले याचीही नोंद हवी. धमनीतल्या लाइनमधून (आत बसवून ठेवलेल्या नळीतून) घेताना फ्लशचे पाणी आणि हेपरिन पूर्ण निघून जाईल इतके पहिले रक्त बाजूला काढायला हवे, नाहीतर सगळेच पातळ होऊन येते. सलग चालणारे डायलिसिस सुरू असेल तर नमुना गाळणीच्या आधीचा असावा. प्रोकॅल्सिटोनिन सुमारे १३ किलोडाल्टनचे आहे, ते गाळणीतून काही प्रमाणात निघून जाते आणि पडद्याला चिकटतेही. डायलिसिस सुरू केल्यावर पहिल्या दिवशी आकडा उतरला, तर ते अँटिबायोटिकचे यश आहे की गाळणीचे, हे तुमच्या नोंदींवरूनच ठरवावे लागेल. सायटोकाइन शोषणारी कार्ट्रिज लावलेली असेल तर आयएल-६ च्या उताराबद्दलही हेच म्हणावे लागेल.

यंत्राबद्दल तुलनेने थोडक्यात सांगते, कारण आजची यंत्रे चांगली आहेत आणि त्यांच्यावर आळ येतो त्याच्या निम्मा दोषही त्यांचा नसतो. पण ती काय करतात ते समजून घ्यावे. प्लाझ्मात अल्ब्युमिन मिलिलिटरमागे सुमारे ४० मिलिग्राम असते आणि निरोगी माणसात आयएल-६ काही पिकोग्राम. म्हणजे एक रेणू शोधण्यासाठी त्याच्या सुमारे एक हजार कोटीपट वजनाची गर्दी बाजूला सारायची असते. हे काम दोन अँटिबॉडी करतात. एक रेणूला एका बाजूने धरते, दुसरी दुसऱ्या बाजूने, आणि दुसरीला लावलेली खूण प्रकाश देते. कोणत्या कंपनीच्या अँटिबॉडी रेणूच्या कोणत्या भागाला धरतात आणि अंशांकन, म्हणजे आकडा ठरवण्यासाठीची प्रमाण मोजणी, कशावर केलेले आहे, यावर आकडा ठरतो. आयएल-६ साठी आंतरराष्ट्रीय प्रमाण द्रव्य उपलब्ध असले तरी दोन कंपन्यांचे आकडे तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये. एका रुग्णाचा आलेख एकाच यंत्रावर काढावा, मधेच प्रयोगशाळा बदलू नये.

अतिदक्षता विभागातला रुग्ण या दोन अँटिबॉडींची कसोटीच पाहतो. प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध आणि शिरेतून दिलेले स्निग्ध पोषण यांमुळे प्लाझ्मा दुधाळ होतो आणि गढूळपणावर चालणारी सीआरपीची पद्धत गोंधळते. हेपरिनवर असलेल्या रुग्णाच्या लाल किंवा पिवळ्या नळीत गोठण्याची क्रिया अर्धवट राहते, सीरममध्ये फायब्रिनचे तंतू तरंगतात आणि यंत्राची सुई अर्धाच नमुना उचलते. रेणू अतोनात वाढलेला असेल तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंना धरून बसतात, मधली सांधणी होत नाही आणि आकडा उलट कमी येतो. रुग्ण मरणपंथाला लागलेला आणि प्रोकॅल्सिटोनिन मात्र माफक, असे विसंगत दिसले की मी नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावते. केसांसाठी किंवा मज्जासंस्थेच्या आजारासाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा चालू असतील, तर बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर आधारलेल्या जुन्या संचांत या दोन अँटिबॉडींच्या (सँडविच) पद्धतीचे आकडे खोटे कमी येतात. काहींच्या रक्तात प्राण्यांच्या अँटिबॉडींना धरणारी स्वतःची प्रतिद्रव्ये असतात, ती दोन अँटिबॉडींना विनाकारण सांधतात आणि आकडा खोटा वाढतो. या शेवटच्या संशयावर उपाय तोच : नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून पाहावा. खरा रेणू असेल तर आकडे त्याच प्रमाणात उतरतात; खोटी सांधणी असेल तर ते वाटेल तसे उतरतात.

वस्तुमान वर्णपटमापीने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) पेप्टाइडचा नेमका तुकडा ओळखता येतो, आणि हेप्सिडिनसारख्या पेप्टाइडसाठी ते उत्तम आहे. पण पिकोग्राममधल्या सायटोकाइनसाठी आणि रात्री दोन वाजता उत्तर हवे असणाऱ्या आयसीयूसाठी ते आज तरी सोयीचे नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. रोज मोजायचे असेल तर प्रोकॅल्सिटोनिन मोजा, आणि तेही अँटिबायोटिक कधी थांबवावे हे ठरवायला. सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अँटिबायोटिक सुरू करण्याचा निर्णय प्रोकॅल्सिटोनिनवर सोपवू नये असे सुचवले आहे, मात्र थांबवण्याच्या निर्णयात, रुग्णाच्या एकूण तपासणीच्या जोडीने, त्याचा उपयोग मान्य केला आहे. नेदरलँड्समध्ये १,५०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिखरापासून ८० टक्के उतार किंवा ०.५ नॅनोग्रामपर्यंत घसरण, हा थांबण्याचा इशारा धरला होता. अँटिबायोटिकचा मध्यक काळ ७ दिवसांवरून ५ वर आला आणि मृत्यू वाढले नाहीत. ब्रिटनमध्ये २,७६० रुग्णांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनमुळे हा काळ सरासरी १०.७ वरून ९.८ दिवसांवर आला. रोजच्या सीआरपीने मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो एका-दोन दिवसांचा आहे. अहवाल हाती आला तरी ‘राहू द्या आणखी दोन दिवस’ म्हणणारा वरिष्ठ असेल तर तेवढाही होत नाही.

८० टक्के उतार मोजायला शिखर माहीत हवे, आणि ते माहीत होण्यासाठी पहिल्या दोन दिवसांत किमान दोन नमुने हवेत. अर्धायुष्य एक दिवसाचे असल्याने स्रोत आटोक्यात आला असेल तर आकडा रोज साधारण निम्मा व्हावा. ४० चे २२, मग ११, मग ६ असे. ४० चे ३८ आणि ३६ होत असेल तर कोठे तरी पू शिल्लक आहे का, लाइन बदलायची राहिली आहे का, ते पाहावे. उलट मोठी शस्त्रक्रिया, अपघात, भाजणे, हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण, यांत पहिले दोन दिवस संसर्गाशिवायही ते वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण फाल्सिपेरम मलेरियातही प्रोकॅल्सिटोनिन चांगले चढते. रक्ताची काचपट्टी पाहिल्याशिवाय ‘जिवाणूंचाच संसर्ग’ असे कोणी म्हणू लागले की मला धडकी भरते. जुनाट मूत्रपिंडविकारात पायरीच थोडी वर असते. झाकलेल्या गळवात ते फसवे कमी राहू शकते.

आयएल-६ चा आकडा वेगाने चढतो-उतरतो, म्हणून दिवसातून एकदा घेतलेला आकडा म्हणजे पुलावरून जाणाऱ्या गाडीचे एक छायाचित्र. कोविडच्या दुसऱ्या लाटेत पुण्यातल्या आयसीयूंतून आयएल-६ ची मागणी इतकी होती की संच मिळेनात. त्या काळात टोसिलिझुमॅब दिल्यानंतर आयएल-६ दुपटी-तिपटीने वाढल्याचे पाहून घाबरलेल्या डॉक्टरांचे फोन मला येत. हे औषध आयएल-६ चा ग्राहक, म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, अडवते. ग्राहकामार्फतच त्याची विल्हेवाट लागत असल्याने रक्तात ते साचते, आणि यकृताला निरोप न पोहोचल्याने सीआरपी मात्र खाली येते. औषध दिल्यानंतरच्या या दोन्ही आकड्यांवरून संसर्गाबद्दल काहीच म्हणता येत नाही. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने टोसिलिझुमॅबसाठी रुग्ण निवडताना आयएल-६ ची अट ठेवलीच नव्हती. ऑक्सिजनची कमतरता आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्राम किंवा अधिक, एवढेच पाहिले होते.

सीआरपीचे नाव निघालेच आहे तर एककाची एक चूक सांगते, कारण ती महिन्याला एकदा तरी पाहते. काही प्रयोगशाळा मिलिग्राम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्राम प्रति डेसिलिटर. दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या रुग्णाची सीआरपी तिकडे १८ होती आणि तुमच्याकडे १७५ आली, म्हणून अँटिबायोटिक बदलले गेले. प्रत्यक्षात ती १८० वरून १७५ वर आली होती.

आता तुमचा प्रबंध. साठ रुग्ण, चार नमुने, म्हणजे २४० नळ्या. एलायझाच्या, म्हणजे अँटिबॉडीने मोजण्याच्या चाचणीच्या, प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. प्रमाण द्रावणांची आठ पातळ्यांची जोडी १६ खळगे घेते, दोन नियंत्रण नमुन्यांची जोडी ४, उरतात ७६, म्हणजे जोडीने ३८ नमुने. एका रुग्णाचे चारही नमुने एकाच प्लेटवर लागलेच पाहिजेत, कारण प्लेट-प्लेटमधला फरक रुग्णाच्या चढउतारासारखाच दिसतो. त्या हिशेबाने प्लेटमागे नऊ रुग्ण आणि एकूण सात प्लेट लागतील. एकाच लॉटच्या सात प्लेट आधीच मागवून ठेवा. प्लाझ्माचे अर्धा-अर्धा मिलिलिटरचे तीन भाग करा, उणे ८० अंशांत ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवा. फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. गुरुवारच्या देखभालीत वीज गेली आणि कोणालाच कळले नाही, असे एका विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या कामाचे झालेले मी पाहिले आहे. रक्त काढण्याची वेळ काढणाऱ्यानेच, पेनने, नळीवर लिहायची. फिरवल्याची वेळ दुसऱ्या रकान्यात. नीती समितीची परवानगी आणि नातेवाइकांची संमती तुम्ही घ्यालच, पण चार वेळा मिळून किती मिलिलिटर रक्त जाणार, हेही त्या कागदावर स्पष्ट लिहा. आयसीयूतला रुग्ण तपासण्यांसाठी आधीच पुरेसे रक्त देत असतो.

आकडेमोडीत दोन गोष्टी विद्यार्थी हमखास चुकतात. आयएल-६ चे आकडे ५ पासून ५०,००० पर्यंत पसरतात. सरासरी काढली तर एकटा रुग्ण साऱ्या गटाला ओढून नेतो, म्हणून लॉगरिदम घ्या किंवा मध्यक वापरा. दुसरी चूक अधिक कडू आहे. पहिल्या दिवशी साठ रुग्ण असतात, सातव्या दिवशी चाळीस, आणि मधले काही घरी गेलेले नसतात, दगावलेले असतात. ज्यांचे आकडे सर्वांत मोठे होते तेच गळाल्यामुळे सातव्या दिवसाचा मध्यक आपोआप उतरतो आणि उपचारांनी दाह कमी झाल्याचा सुरेख आलेख निघतो. जगलेल्यांचे आणि दगावलेल्यांचे आलेख वेगळे काढा, आणि प्रत्येक दिवसाखाली त्या दिवशी किती रुग्ण होते ते लिहा.

तुमच्या ८५ आणि ३१० चा निकाल अजूनही लावता येईल. उरलेला नमुना बहुतेक प्रयोगशाळा दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. आज दोन्हीकडे फोन करा, रुग्णालयातला ईडीटीए प्लाझ्मा बाहेरच्या यंत्रावर आणि बाहेरचा सीरम रुग्णालयाच्या यंत्रावर लावून घ्या. प्लाझ्मा दोन्ही यंत्रांवर ८५ च्या आसपास आणि सीरम दोन्हीकडे ३०० च्या आसपास आला, तर फरक नळीतला. प्रत्येक यंत्र दोन्ही नमुन्यांना जवळजवळ सारखाच आकडा देत असेल, तर फरक अंशांकनातला. अदलाबदलीसाठी पाठवताना मात्र प्लाझ्मा पेशींपासून वेगळा केलेला आहे ना, ते उजेडात धरून एकदा पाहून घ्या.